चाकाला कुलूप लावण्याआधी

गेल्या दोन महिन्यांत तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. एक माझा एनडीएचा कोर्समेट, दुसरे कोल्हापूरकडचे निवृत्त नायब सुभेदार, ज्यांच्याकडे जुनी थार आहे, आणि तिसरा नाशिकचा एक तरुण. प्रश्न असा : "सर, पुढच्या डिफरन्शियलला लॉकर घरच्या घरी बसवता येतो का?"

येतो. मी मे महिन्यात रायपूरला, क्वार्टरच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. बसवावा का, हा प्रश्न मात्र या तिघांपैकी कुणीच विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नव्हता. म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांनी गाडीच्या खाली कधी डोकावले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बांधली तर वळणावर एक चाक फरफटत जाईल. ते होऊ नये म्हणून मधे डिफरन्शियल असतो. तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो, पण जोर मात्र दोघांना सारखाच देतो. गोम इथेच आहे. एक चाक चिखलात किंवा हवेत असले की त्याला फिरायला जोर लागतच नाही, आणि दुसऱ्यालाही तेवढाच नाममात्र जोर मिळतो. चिखलातले चाक गरगर फिरते, कोरड्यावरचे जागचे हलत नाही. फोर बाय फोर गाडीसुद्धा अशा वेळी एक पुढचे आणि एक मागचे चाक फिरवत उभी राहते. कर्णाच्या रथाची आठवण यावी अशी परिस्थिती.

लॉकर हे या डिफरन्शियलला लावलेले कुलूप. ते लागले की दोन्ही चाके एकत्र फिरतात. जे चाक घट्ट जमिनीवर आहे ते गाडी ओढून काढते. काही लॉकर हवेच्या दाबाने, विजेने किंवा केबलने हवे तेव्हा लावता-काढता येतात. त्यांच्यासाठी डिफरन्शियलचा आतला पिंजराच बदलावा लागतो, क्राऊन-पिनियनची बैठक नव्याने जुळवावी लागते. ते काम घरी करण्याच्या भानगडीत पडू नका. दुसरा प्रकार आपोआप चालणारा. त्यात पिंजरा तोच राहतो, फक्त आतले स्टार पिनियन आणि साइड गिअर काढून त्यांच्या जागी दातेरी जोड बसतो. मी हा बसवला.

माझी गाडी जुनी जिप्सी. लष्कराची नव्हे, स्वतःच्या पैशाने घेतलेली. जिप्सी 1985 साली आली आणि आमच्या पिढीच्या जवळजवळ प्रत्येक अधिकाऱ्याचे आयुष्य तिच्या पुढच्या सीटवर गेले. वजन एक टनाच्या आसपास, दोन्ही ॲक्सल सरळ आणि पक्के, पानाच्या स्प्रिंगा. हातपाने घेऊन बसणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपी गाडी मिळणार नाही. मागचा लॉकर आधीच्या मालकाने बसवलेला होता. पुढचा बसवावा असे मला इथे आल्यावर वाटू लागले, त्याला कारण इथली माती.

छत्तीसगढी शेतकरी मातीला चार नावे देतो : भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाठा म्हणजे मुरमाड, लाल, पाणी न धरणारी. मटासी पिवळसर, भाताची लाडकी. डोरसा मधली. आणि कन्हार म्हणजे आपली काळी माती, मराठवाड्यातल्या माणसाला वेगळी ओळख करून द्यायला नको. पावसात तिच्यात चाक गेले की टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. पहिल्या पावसाळ्यात मी तीन वेळा रुतलो. तीनही वेळा ट्रॅक्टरने काढले. फौजी माणसाला ट्रॅक्टरच्या मागे बांधून गाव पाहत असताना बाहेर येणे फारसे रुचत नाही. खरे सांगायचे तर लॉकरची गरज तिथून निघाली.

माल बाहेरून मागवला. पहिला आला तो बसेना, कारण मागवताना ॲक्सल-शाफ्टच्या स्प्लाइनचे दाते मी मोजलेच नव्हते. चूक सर्वस्वी माझी. परत पाठवून दुसरा येईपर्यंत तीन आठवडे गेले. तुम्ही मागवणार असाल तर आधी शाफ्ट बाहेर काढून दाते मोजा, मग पैसे भरा.

कामाला नागपूरहून आमचे जुने सुभेदारसाहेब आले. ईएमईत आयुष्य घालवलेला माणूस. 'कर्म ही धर्म' हे त्यांच्या कोअरचे ब्रीद आहे आणि त्यांच्या बाबतीत ते बॅजवरच राहिलेले नाही. मी त्यांना रविवारी बोलावले होते, ते शनिवारी संध्याकाळीच आले. रविवारी पहाटे पाचला मी पाना हातात घेतला तर म्हणाले, "साहेब, आधी फर्स्ट परेड." वीस वर्षे फौजेत एमटीच्या गाड्यांची फर्स्ट परेड पाहिली, पण स्वतःच्या गाडीची कधी केली नव्हती. त्यांनी स्टिअरिंगचे जोड, किंगपिनचे बेअरिंग, चाकाची ढिलाई सगळे तपासले. डाव्या बाजूचा एक टाय-रॉड एन्ड सैल निघाला. "हा असाच ठेवून लॉकर लावला असता तर?" एवढेच विचारले. काम एक आठवडा पुढे गेले.

पुढच्या रविवारी गाडी उचलली. माझा मुलगा, वय सतरा, उत्साहाने आडवा होऊन खाली सरकायला लागला. गाडी अजून नुसत्या जॅकवर होती. सुभेदारसाहेबांनी त्याचा पाय धरून त्याला बाहेर ओढला, इतक्या जोरात की त्याचा शर्ट फाटला. मग शांतपणे दोन्ही बाजूंना ॲक्सल-स्टँड लावले, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, गाडी हाताने हलवून पाहिली आणि मग म्हणाले, "आता जा बेटा." जॅक काही घसरला नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर तो घडला होता, आणि जॅक लावणारा मीच होतो.

बाकीचे काम क्रमाने झाले. तेल काढले. ब्रेकचे कॅलिपर सोडवून तारेने वर बांधले, म्हणजे होज पाइपवर वजन येत नाही. हब आणि स्पिंडल सोडवून दोन्ही शाफ्ट बाहेर ओढले. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खूण करून तो वेगळा केला आणि डिफरन्शियलचा गोळा बाहेर टेबलावर घेतला. क्राऊन आणि पिनियनमधली ढिलाई डायल गेजने मोजून मुलाने वहीत लिहिली. बेअरिंगच्या टोप्यांवर पंचने खुणा केल्या, कारण डावी उजवीकडे गेली तर काही खरे नाही. मग जुने गिअर काढून लॉकरचे तुकडे बसवले, दिलेल्या मापाइतकी फट आहे का ते फीलर गेजने पाहिले, आणि सगळे जोडल्यावर ढिलाई पुन्हा मोजून वहीतल्या आकड्याशी जुळवली. नवे गॅस्केट, नवे सील, नवे तेल. रायपूरच्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर शेडमध्ये थांबता येत नाही, म्हणून दोन रविवार लागले.

घरी काम करण्याच्या बाजूने माझे मत इथेच नोंदवतो. आपण अधिकारी मंडळी गाडीत बसायला शिकतो, गाडी शिकत नाही. चाक सोडवणारा नेहमी दुसरा कुणीतरी असतो. माझ्या मुलाला आता डिफरन्शियल म्हणजे काय हे हाताने माहीत आहे, आणि मला सुभेदारसाहेबांची वीस वर्षांची खरी किंमत कळली. हे गॅरेजला पैसे देऊन मिळाले नसते.

आता दुसरी बाजू.

जुलैत मी आणि मुलगा आरंगच्या पुढे महानदीच्या बाजूला एका ओळखीच्या गावी निघालो होतो. शेतातून जाणारी वाट, दोन दिवसांचा पाऊस, पुढे एक ट्रॅक्टर-ट्रॉली अडकलेली. आदल्या वर्षी मी रिव्हर्स घेऊन परत फिरलो असतो. या वेळी हब लावले, फोर-लो टाकला आणि वाटेच्या बाजूने उतरलो. जाईल, लॉकर आहेत, असा विचार.

पुढचा लॉकर लागला की गाडीला सरळ जायला आवडते. स्टिअरिंग जड होते, वळायला जास्त जागा लागते. कोरड्या मैदानावर मी हे अनुभवले होते. पण मला खरी समज नव्हती ती दुसऱ्या गोष्टीची. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरते तेव्हा दुसरे थांबलेले असते आणि ते थांबलेले चाक गाडीला आडवे सरकू देत नाही. लॉकरमध्ये दोन्ही चाके फिरतात, आणि फिरणारा टायर बाजूची पकड सोडतो. उतारावर नाक खाली सरकू लागते. मी डावीकडे वळवत होतो, जिप्सी उजवीकडे घसरत सरळ भाताच्या बांधावर चढली. दोन्ही पुढच्या चाकांनी बांधाचे सात-आठ हात कुरतडून टाकले. मग पकड मिळाली आणि गाडी दिमाखात बाहेर आली. मुलाने टाळीसुद्धा वाजवली.

मागे वळून पाहिले तर खाचरातले पाणी त्या खिंडारातून वाहून चालले होते.

शेतकरी पलीकडूनच बघत होता. आरडाओरडा केला नाही. जवळ येऊन म्हणाला, "गाड़ी तो निकल गे साहब, फेर मेड़ ला कोन बनाही?"

मेड म्हणजे आपला बांध. मी सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा आहे. एक वीतभर बांध कोरला म्हणून भाऊ भावाविरुद्ध कोर्टात गेलेला मी पाहिला आहे. इथे बांधाचा अर्थ हद्दीपुरताही नाही. भात फेकून पेरल्यावर महिन्याभराने उभ्या पिकात नांगर फिरवतात, त्याला बियासी म्हणतात, आणि तिला खाचरात पाणी उभे असावे लागते. मी त्याचे बियासीचे पाणी सोडून दिले होते.

मी खिशात हात घातला. तो म्हणाला, आधी मेड, पैशाचे नंतर. गाडीतले फावडे काढले, त्याने घरून रापा आणला, आणि आम्ही तिघांनी दोन तास चिखल आणि पेंढा टाकून खिंडार बुजवले. पुढच्या रविवारी मी आणि मुलगा पुन्हा गेलो आणि बांध पूर्ण उंचीला आणला. मधल्या काळात पाऊस झाला म्हणून पीक वाचले. त्याचे श्रेय मला नाही.

माझे ऑफ-रोडिंगवाले मित्र म्हणतात, दोष लॉकरचा नव्हे, चालवणाऱ्याचा. बरोबर आहे. ते असेही म्हणतात की लॉकर असला की कमी रेसमध्ये, सावकाश, चाक न फिरवता निघता येते आणि जमीन उलट कमी खराब होते. हेही खरे आहे, ठरलेल्या वाटेवर आणि सरावलेल्या हातात. पण मी त्याचा उपयोग तसा केला नाही. मी त्याला परवानगी समजलो. आधी गाडी रुतेल ही भीती मला वाटेवर ठेवत होती. ती भीती मी दोन रविवार खपून काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरे काही ठेवले नाही.

म्हणून त्या तिघांना माझे उत्तर असे. आधी टायरची हवा कमी करून चालवायला शिका. रस्सा, शॅकल आणि फावडे बाळगा, आणि ते वापरता येणारा माणूस सोबत घ्या. शंका असेल तिथे उतरून पायी चाला. फौजेत याला रेकी म्हणतात आणि ती न करता पुढे जाणाऱ्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. एवढे करूनही वारंवार अडत असाल तर मागचा लॉकर. चढावर वजन मागे येते, तिथे त्याचा उपयोग जास्त. आजकाल थारसारख्या गाड्यांत तो कंपनीकडूनच मिळतो. पुढचा सगळ्यात शेवटी, आणि बसवलाच तर फ्री-व्हील हब असलेल्या गाडीत, म्हणजे डांबरी रस्त्यावर हब सोडून त्याला बाजूला ठेवता येते.

कायद्याचेही पाहा. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 गाडीतील फेरबदलांविषयी आहे आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा कैदेची तरतूद आली. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा. मी विचारले ते काम झाल्यावर, आणि हा क्रम चुकीचा होता. सरकारी गाडीला असले काही करण्याचा विचारही नको, हे सांगायला नको. अभयारण्य आणि कुणाचे शेत ही तर आपल्या हौसेची जागाच नव्हे.

मुलाने विचारले, "बाबा, मग लॉकर काढायचा का?" मी नाही म्हटले. पण त्या दिवसापासून हब मी लावत नाही, तो लावतो. त्याने उतरायचे, वाट पायी चालून यायचे, आणि त्याला पटले तरच हब फिरवायचे. दोन वेळा त्याने नकार दिला. दोन्ही वेळा आम्ही परत फिरलो.

परवा पुन्हा आरंगकडे जाणे झाले, या वेळी पक्क्या रस्त्याने. बांध जागेवर आहे. आम्ही भरलेल्या भागावर त्या शेतकऱ्याने राहेर लावली आहे, म्हणजे आपली तूर. गुडघ्याएवढी झाली आहे.