लाल थेंब आणि कारागिराची मजुरी

आपला हात बसला तो ॲम्बेसेडर, पद्मिनीवर. त्या हाताच्या गिअरच्या. म्हणून ऑटोमॅटिक गिअरची जुनी गाडी चांदूर रेल्वेच्या गॅरेजात आली, की तिला सरळ नागपूरचा रस्ता दाखवणे मला पटत नाही. लाल तेलाचे चार थेंब पडले म्हणून गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. आधी खालचा भाग स्वच्छ पुसावा, गाडी फिरवून आणावी, मग ओल कोठून सुटते ते पाहावे. तेल वरून ओघळते आणि बोल बिचाऱ्या पॅनला लागतो. पॅनच्या कडेनेच गळत असेल तरी बोल्ट जोर लावून आवळू नयेत; पत्रा वाकतो, गळती वाढते. पॅन उतरवून कड सरळ करावी, नवे गॅस्केट घालावे, बोल्ट समोरासमोरचे घेत बेताने आवळावेत. तेल मात्र कंपनीने सांगितलेलेच. गॅस्केटचे पैसे गिऱ्हाईक देतोच. गळती शोधल्याची मजुरी बिलात वेगळी लिहावी.