आधी औषध, मग आलेख

चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली की घरात ‘वारा लागला’ म्हणतात आणि शेक, मालिश, लेप यांत आठवडा निघून जातो. हातापायांत अशक्तपणा असेल, बोलणे अडखळत असेल किंवा त्या बाजूच्या कपाळाला आठ्या पडत असतील, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा तडक रुग्णालयच गाठावे. पण दुखणे चेहऱ्याच्या नसेपुरते, म्हणजे बेल्स पाल्सीचे असले, तरीही आठवडा घालवणे परवडणारे नाही.

ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते आणि सुजली की तिथेच आवळली जाते. तिचे किती तंतू निकामी झाले, हे इलेक्ट्रोन्यूरोग्राफीने कळते. कानाच्या पाळीखाली विजेचा सौम्य झटका देतात, नाकाशेजारी स्नायूंचा प्रतिसाद टिपतात आणि दोन्ही बाजू ताडून पाहतात. पहिल्या १४ दिवसांत आजारी बाजूचा प्रतिसाद निरोगी बाजूच्या १० टक्क्यांखाली गेला, तर चेहरा पूर्ववत होण्याची आशा बरीच कमी होते.

मात्र झटका हाडाबाहेर दिला जातो आणि इजा असते हाडाच्या आत. मेलेल्या तंतूचा बाहेरचा भाग सुमारे तीन दिवस वीज वाहून नेतच राहतो. त्यामुळे या काळात नस पुरती निकामी झाली असली तरी आलेख चांगला दिसतो. नेमक्या याच ७२ तासांत सूज उतरवणारे औषध, प्रेडनिसोलोन, सुरू व्हायला हवे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील चाचणीत हे औषध वेळेत मिळालेल्यांपैकी ९४.४ टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. न मिळालेल्यांत हे प्रमाण ८१.६ टक्के होते.

म्हणून चाचणीच्या अहवालासाठी औषध थांबवणे चूक आहे आणि दुसऱ्या दिवशीच्या चांगल्या आलेखावर रुग्णाला निर्धास्त करणेही चूक आहे. चेहरा थोडाही हलत असेल तर ही चाचणी सहसा लागत नाही. तिचा खर्च रुग्णावर लादू नये. बाजू पूर्ण लुळी असेल तर मात्र चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान ती जरूर करावी. फिजिओथेरपीतला ‘करंट’ वेगळा, हेही रुग्णाला सांगावे. या चाचणीत विजेने उपचार होत नाही, मोजमाप होते. मिटत नसलेल्या डोळ्यात थेंब घालणे आणि रात्री तो पट्टीने बंद ठेवणे पहिल्या दिवसापासून हवे. वेळेत औषध आणि डोळ्याची काळजी, एवढे करायला मोठे यंत्र लागत नाही. गावातल्या डॉक्टरने पहिल्याच भेटीत हे केले, तर अनेक चेहरे वाचतील.