मतपेटी गेली, दंडेली राहिली

महाविद्यालयांतील विद्यार्थी-निवडणुका म्हणजे हाणामाऱ्यांना आमंत्रण, हे मत महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्गाने इतक्या सहजपणे स्वीकारले आहे की त्याचा पुरावा कोणी मागतही नाही. पालक तसे म्हणतात, प्राचार्य म्हणतात, मंत्री तर म्हणतातच. १९८९ साली मुंबईत विद्यार्थी-निवडणुकीच्या वैरातून एका तरुण कार्यकर्त्याचा खून झाला. त्या रक्ताचा दाखला देत पुढच्या चार-पाच वर्षांत राज्यातील थेट निवडणुका मोडीत काढण्यात आल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. वर्गाचा प्रतिनिधी वर्गाने निवडायचा नाही. मागील परीक्षेत ज्याचे गुण सर्वांत अधिक, तो प्रतिनिधी. खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, राष्ट्रीय सेवा योजना यांचे प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमायचे. अशा नेमलेल्यांनी मग आपापसांत सचिव निवडायचा, एवढीच काय ती लोकशाही उरली.

त्याच १९८९ सालच्या मार्चमध्ये एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात येऊन मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले होते. अठरा वर्षांचा तरुण देशाचे सरकार ठरविण्यास लायक, परंतु वसतिगृहाच्या खानावळीचे गाऱ्हाणे कोणी मांडावे हे ठरविण्यास नालायक, असा हा न्याय!

यात कोणाचे भले झाले, हे पाहण्यासाठी त्या काळाच्या दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुक्तद्वार दिले. देणग्यांचा बाजार इतका उघड झाला की १९८७ साली कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा सरकारलाच करावा लागला. साखर कारखान्यातून आलेला पुढारी ह्याच दशकात ‘शिक्षणमहर्षी’ झाला. शुल्क किती आणि कशासाठी, प्रयोगशाळेत यंत्रे आहेत की नुसत्या भिंती, मागासवर्गीय विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती वर्षवर्षभर का रखडते, हे प्रश्न अधिकाराने विचारू शकणारा निवडून आलेला विद्यार्थी नेमका ह्याच सुमारास नाहीसा झाला. कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होते यावर वाद घालता येईल. लाभ कोणाच्या पदरी पडला यावर घालता येणार नाही. पहिल्या क्रमांकाचा मुलगा प्राचार्यांविरुद्ध बोलत नाही, कारण त्याचे अंतर्गत गुण त्यांच्या हाती असतात. आणि ज्याच्या घरातून तो पहिलाच कॉलेजात आला आहे, कमवा व शिका योजनेत राबून जो जेमतेम उत्तीर्ण होतो, त्याला ह्या गुणवत्तेच्या दारातून परिषदेत प्रवेशच नाही.

निवडणूकविरोधक हटकून उज्जैनचे उदाहरण देतात. ते टाळून चालणार नाही. २६ ऑगस्ट २००६ रोजी तेथील माधव महाविद्यालयात विद्यार्थी-निवडणुकीच्या वादात प्राध्यापक हरभजनसिंग सभरवाल यांचा मृत्यू झाला. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांवर आरोप ठेवण्यात आले. गोंधळाची दृश्ये दूरचित्रवाणीवरून देशभर पाहिली गेली होती. तरीही साक्षीदार एकामागून एक उलटले, सर्वोच्च न्यायालयाने खटला मध्य प्रदेशातून नागपूरला वर्ग केला, आणि २००९ साली नागपूरच्या न्यायालयातून सर्व आरोपी निर्दोष सुटले. ह्या कहाणीतून मतपेटीचा कोणता अपराध सिद्ध होतो? दिवसाढवळ्या, कॅमेऱ्यांसमोर एका अध्यापकाला प्राण गमवावे लागतात आणि त्याबद्दल कोणीही दोषी ठरत नाही, हा अपराध पोलिसांचा, सरकारी पक्षाचा आणि साक्षीदारांना बोलू न देणाऱ्या भीतीचा आहे. निवडणुका बंद केल्याने त्यातील एकही गोष्ट दुरुस्त होत नाही.

त्याच वर्षी लिंगडोह समितीचा अहवाल आला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो लागू केला. खर्चाची मर्यादा उमेदवारामागे ५,००० रुपये, वयाची मर्यादा, ७५ टक्के हजेरीची अट. नियम वाईट नाहीत, पण दिल्ली विद्यापीठात २०२४ साली उमेदवारांनी भिंती इतक्या रंगविल्या की साफसफाई होईपर्यंत उच्च न्यायालयाने मतमोजणी रोखून धरली. पाच हजारांत तेवढा रंगही येत नाही.

मग ज्या विद्यापीठात निवडणुका विद्यार्थी स्वतः शिस्तीने चालवीत आले, तेथे काय घडले? ५ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तोंडे झाकलेली टोळी काठ्या आणि लोखंडी गज घेऊन शिरली. साबरमती वसतिगृह फोडण्यात आले. विद्यार्थी संघाच्या अध्यक्ष आइशी घोष यांचे डोके फुटले, प्राध्यापिका सुचरिता सेन जखमी झाल्या. त्या दिवशी निवडणूक नव्हती. वसतिगृहाच्या शुल्कवाढीविरुद्ध चाललेले आंदोलन होते. वर्ष उलटले तरी त्या बुरखेधाऱ्यांपैकी एकालाही अटक झालेली नव्हती. गुन्हा मात्र जखमी अध्यक्षेवरही नोंदविला गेला. दंडेलीला मतपेटीची गरज नसते. तिला वरदहस्ताची गरज असते.

एवढे लिहून थांबणे डाव्या मंडळींना सोयीचे आहे, आणि बहुतेक जण तेथेच थांबतात. पण ३० डिसेंबर १९७० रोजी जादवपूर विद्यापीठाचे कुलगुरू गोपालचंद्र सेन यांची विद्यापीठाच्याच आवारात हत्या झाली, तिचा आळ क्रांतीची भाषा बोलणाऱ्या तरुणांवर आला. तिरुअनंतपुरमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जुलै २०१९ मध्ये एका विद्यार्थ्याला भोसकण्यात आले. आरोपी मार्क्सवादी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेच्या तेथील शाखेचे पदाधिकारी होते आणि जखमी विद्यार्थीही त्याच संघटनेचा होता. इतर संघटनांना त्या आवारात पाय ठेवणे वर्षानुवर्षे कठीण करून ठेवले होते. जेथे विरोधक उरत नाही तेथे सुरी घरातच फिरते. वायनाडच्या पशुवैद्यक महाविद्यालयात २०२४ च्या फेब्रुवारीत एका मुलाचा अनेकांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा आरोपींत पुन्हा त्याच संघटनेचे स्थानिक पुढारी होते. ‘त्यांची’ मारहाण फॅसिझम आणि ‘आपल्यांची’ मारहाण तरुण रक्ताची चूक, हा हिशेब करणाऱ्याला उज्जैनबद्दल बोलण्याचा अधिकार राहत नाही.

समाजवादी चळवळीला तरी हा धडा नवा असू नये. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये स्वपक्षाच्याच पट्टम थाणू पिल्लै सरकारने निदर्शकांवर गोळीबार केला, तेव्हा पक्षाचे सरचिटणीस असलेल्या डॉ. लोहियांनी त्या सरकारचा राजीनामा मागितला. त्या वादात अखेर पक्ष फुटला. आज एखाद्या विद्यार्थी शाखेच्या सचिवाचा राजीनामा मागताना पुढाऱ्यांची जीभ अडखळते! पाटण्यात मार्च १९७४ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनात जाळपोळ झाली, तेव्हा जयप्रकाशजींनी मुलांना पुस्तकांकडे परत जा असे सांगितले नाही. आंदोलन शांततेचे राहील ह्या अटीवर त्यांनी नेतृत्व पत्करले, आणि ८ एप्रिलला तोंडावर पट्ट्या बांधलेला मूक मोर्चा निघाला. मराठवाड्यात त्याहून कठीण परीक्षा झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव करताच आंदोलनाच्या नावाखाली गावोगावच्या दलित वस्त्या पेटविण्यात आल्या, आणि नामांतराविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांत विद्यार्थी आघाडीवर होते. बहुजन समाजाच्या मुलांचा रोष ओढवून घेऊन युक्रांदचे तरुण त्या वेळी नामांतराच्या बाजूने उभे राहिले. विद्यार्थ्यांची गर्दी नेहमीच पुरोगामी असते हा भाबडेपणा तेव्हाच संपावयास हवा होता. त्या गर्दीत जाऊन भांडणारे विद्यार्थी तयार कोठे होणार, हा खरा प्रश्न आहे. गुणपत्रिकेवरून नेमलेल्या परिषदेत ते तयार होत नाहीत.

२०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट मतदानाची तरतूद परत आणली. २०१९ साली ती अमलात येण्याची वेळ आली, तेव्हा विधानसभा निवडणुकीचे कारण सांगून कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला. नंतर महासाथ आली आणि सरकारला नवे कारण शोधण्याचे कष्टही पडले नाहीत. कायद्यात लिहिलेला हक्क मागण्यासाठी क्रांतीची गरज नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या दारात सह्यांचे मेज मांडता येते, व्यवस्थापन परिषदेला घेराव न घालताही जाब विचारता येतो. मात्र ह्या मागणीच्या पत्रकावर सही करणाऱ्या संघटनांनी त्याच पत्रकात लिहून द्यावे, की मारहाणीच्या गुन्ह्यात नाव आलेला आपला कार्यकर्ता चौकशी पुरी होईतो पदावर राहणार नाही, जामिनावर सुटल्यावर त्याला हारतुरे घातले जाणार नाहीत, आणि साक्षीदाराच्या घरी संघटनेचा एकही माणूस जाणार नाही.