रिकाम्या आकाशाचे छायाचित्र

उन्हातून एकदम माजघरात पाऊल टाकले, की क्षणभर सारा अंधारच वाटतो. थोडा वेळ थांबले, म्हणजे उतरंड, जाते, कोनाड्यातील समई अशा वस्तू एकेक करून दिसू लागतात. त्या वस्तू आधीही तेथेच होत्या. उणीव होती ती आपल्या थांबण्याची.

आकाशाचेही असेच आहे. मात्र तेथे नुसत्या डोळ्यांचे थांबणे पुरत नाही. डोळा आलेला प्रकाश पाहतो आणि सोडून देतो. त्याचा साठा करणे त्याला जमत नाही. दुर्बिणीला जोडलेली, रसायनाचा लेप दिलेली काच मात्र तासन्‌तास प्रकाश गोळा करीत राहते. थेंबे थेंबे तळे साचावे, तसे त्या काचेवर चित्र साचते. इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्‌स यांनी १८८८ साली देवयानी तारकासमूहातील एका धूसर ठिपक्याचे असे छायाचित्र घेतले, तेव्हा त्यातील भोवऱ्यासारखी वळणे स्पष्ट झाली. तो ठिपका म्हणजे असंख्य ताऱ्यांची एक स्वतंत्र दीर्घिका आहे, हे पुढे कळले.

१९९० साली अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीत काचेच्या जागी विजेवर चालणारे प्रकाशग्राहक यंत्र बसविलेले होते, तत्त्व तेच. १९९५ च्या डिसेंबरात, तिचे काम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी ती सप्तर्षींच्या तारकासमूहातील अशा एका तुकड्याकडे वळविली, की जेथे जवळजवळ काहीच दिसत नव्हते. शंभर मीटरांवर धरलेला टेनिसचा चेंडू जेवढा दिसेल, तेवढाच तो तुकडा! अनेक जाणत्यांना हा बेत पसंत नव्हता. दुर्बिणीचा क्षण न् क्षण मोलाचा होता. शिवाय तिच्या आरशातील दोषामुळे तिची पुष्कळ नाचक्की झाली होती. तो दोष १९९३ साली कोठे दूर झाला होता. दहा दिवस रिकाम्या जागेकडे पाहून हाती काहीच आले नाही तर? हा आक्षेप पोकळ नव्हता. तरीही संचालकांच्या अधिकारातील वेळ विल्यम्स यांनी याच कामी लावला.

दहा दिवसांत ३४२ छायाचित्रे घेतली गेली. ती एकत्र केल्यावर त्या ‘रिकाम्या’ तुकड्यात सुमारे ३००० दीर्घिका उजळल्या! त्यांतील कित्येकींचा प्रकाश पृथ्वी जन्मण्यापूर्वीच निघालेला होता.

साहस फळास आले म्हणूनच ते योग्य ठरले, असे मी मानीत नाही. समजा, तेथे खरोखरच काही नसते. तरी ‘तेथे काही नाही’ हेही पाहून कळले असते. न पाहता केलेला तर्क आणि पाहून मिळालेले ज्ञान यांत फार अंतर आहे. शिवाय ती छायाचित्रे स्वतःपाशी न ठेवता लगेच जगभरच्या संशोधकांना खुली केली गेली. धोका एकाने पत्करला. फळ सर्वांना मिळाले.

शिक्षक म्हणून मी आयुष्यभर पुष्कळ शेरे लिहिले. काही मुलांच्या प्रगतिपुस्तकात ‘गती नाही’ असेही लिहिले. त्यांतील किती जणांकडे मी पुरेसा वेळ पाहिले होते? ते छायाचित्र समोर आले, की हा प्रश्न मला आजही टोचतो.

मुलांनो, रात्री सप्तर्षी दिसले, तर ताऱ्यांमधील अंधाराकडेही जरा पाहा. तो रिकामा आहे, असे म्हणण्याची घाई करू नका.