प्रश्नसंच पाठ, विमान कोरं

सुट्टीवर गेलो तेव्हा भाच्याला विचारलं, "वेगदर्शक चालतो कसा रे?" पठ्ठ्या पायलट व्हायला निघालाय. म्हणाला, "मामा, ऑप्शन दे ना, उत्तर सांगतो." घरचे हसले. मला हसू आलं नाही.

एनडीएत आम्ही रायफल आधी खोलायला-जोडायला शिकलो, गोळी नंतर. इथे उलटं चाललंय. प्रश्नसंच घोका, तास भरा, लायसन्स घ्या.

समोरून पिटो नळीत घुसणाऱ्या हवेचा दाब वजा बाहेरचा स्थिर दाब, यावरून वेग कळतो. नळी बुजली की काटा खोटं बोलतो. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात १ जून २००९ रोजी बर्फाने तेच केलं, तेही मिनिटभराहून कमी वेळ. इंजिनं ठणठणीत होती. पण स्टिक मागे ओढली गेली, नाक उचललं, पंखांची उचल संपली. स्टॉलचा इशारा कोकलत होता, तरी स्टिक मागेच. साडेचार मिनिटांच्या आत विमान अटलांटिकमध्ये. २२८ माणसं गेली.

"आता सगळं कॉम्प्युटर करतो" म्हणणाऱ्यांनो, त्या रात्री ऑटोपायलटनेच हात वर केले आणि विमान माणसाच्या हाती दिलं.

नाकाचा कोन आणि इंजिनाची पॉवर ठाऊक असेल, तर काटा मेला तरी विमान उडतं. हे फळ्यावर खडूने समजावता येईपर्यंत कुणालाही सोलो देऊ नका. माझ्या भाच्यालाही नाही.