लग्नाच्या पंगतीचे गोड



तुळशीचे लग्न लागले की गावोगाव सोयरिकीची बोलणी सुरू होतात. सुपारी फुटते, बस्ता बांधला जातो आणि घरातली वडीलधारी माणसे ओसरीवर बसून याद्या करू लागतात. या याद्यांत सगळ्यांत जास्त वेळ जातो तो एका प्रश्नावर. पंगतीला गोड काय करायचे?

पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. लापशी नाहीतर बुंदी, हे ठरलेलेच. आता बासुंदी, रबडी, आइस्क्रीम आणि स्वागत समारंभाला केकसुद्धा आला. शेजारच्या घरी तीन गोड झाले म्हणून आपल्याकडे चार, अशी चढाओढ लागते. पाव्हण्यांना चांगले खाऊ घालावे ही इच्छा योग्यच आहे. पण त्यापायी पुढच्या सुगीचा पैसा आजच खर्ची पडू नये आणि आपल्या मांडवात जेवून कोणी आजारी पडू नये, एवढे पाहायलाच हवे.

म्हणून गोड ठरवताना तीन गोष्टी विचारात घ्या. लग्न कोणत्या ऋतूत आहे, पाने किती पडणार, आणि पदार्थ चुलाणावरून उतरल्यापासून पानात पडेपर्यंत किती वेळ जाणार.

पहिली गोष्ट ऋतूची. आपल्याकडची बहुतेक लग्ने चैत्र-वैशाखात. त्या उन्हात बासुंदी, रबडी, खव्याची किंवा छन्याची मिठाई हे सगळ्यांत धोक्याचे गोड. दुधाच्या ओलसर पदार्थात जंतू फार झपाट्याने वाढतात. आचाऱ्याच्या किंवा वाढप्याच्या हातावर पिकलेली जखम असेल, तर तिच्यातले जंतू पदार्थात जातात आणि तिथे विष तयार करतात. हे विष नंतर उकळूनही जात नाही, म्हणून आंबूस वाटणारी बासुंदी पुन्हा उकळून वाढणे हा उपाय नव्हे. असे पदार्थ वाफाळते गरम तरी असावेत, नाहीतर बर्फावर चांगले गार तरी. कोमट अवस्थेत दोन तासांवर ठेवूच नयेत. मुहूर्त साडेबाराचा असतो आणि वरात मारुतीच्या देवळापाशीच दोन वाजेपर्यंत नाचत असते, हे तुम्हाला सांगायला नको!

बुंदी, जिलेबी, लाडू यांचे तसे नाही. त्यांत साखर भरपूर असते. साखर पाणी धरून ठेवते आणि जंतूंना वाढायला ओल मिळत नाही. म्हणून कळ्या पाडून पाकात मुरवलेली बुंदी आदल्या दिवशी करून ठेवता येते. लापशी आणि शिरा मात्र त्याच दिवशी करावा आणि गरम असतानाच वाढावा. आंब्याच्या दिवसांत आमरस करायचा तर त्यात दूध घालू नका. रस ऐन वेळी काढा, आणि आंबे कार्बाइड पावडरीवर पिकवलेले नकोत. त्या पावडरीला कायद्याने बंदी आहे. अढीत गवतावर पिकवलेला घरचा आंबा असेल तर फारच उत्तम.

बासुंदीचीच हौस असेल तर ती मार्गशीर्ष-माघातल्या थंडीच्या लग्नात पुरवावी, आणि तीही पाने मोजकी असतील तरच.

दुसरी गोष्ट हिशेबाची. ५०० पानांची पंगत धरू. माणशी १०० ग्रॅम बुंदी म्हटली तर ५० किलो बुंदी लागेल. एक किलो बेसन, दीड किलो साखर, तळताना शोषलेले तेल आणि पाकातले पाणी मिळून सुमारे तीन किलो बुंदी होते. म्हणजे १७ किलो बेसन आणि २५ किलो साखर आणावी. लापशी करायची तर एक किलो गव्हाच्या भरडीला एक किलो गूळ आणि सुमारे तीन लिटर पाणी घ्यावे. त्यात साधारण ३० पाने होतात, म्हणजे ५०० पानांना १७ किलो भरड आणि तेवढाच गूळ. गहू घरचा, गूळ गावातल्या गुऱ्हाळाचा, मग विकत आणायचे ते तूप, वेलदोडे आणि खोबरे. हे आकडे कागदावर मांडा, त्यांना दुकानाचा भाव लावा, आणि मग चार गोडांचा हिशेब शेजारी लिहा. किती पैसा वाचतो ते तुमचे तुम्हालाच दिसेल. दोन गोड करायचेच असतील तर एक पाकातले आणि एक गुळाचे असावे. पानात चवही वेगवेगळी लागते.

जिलेबी-मठ्ठ्याचा बेत सर्वांना आवडतो. पण जिलेबीला हात बसलेला आचारी लागतो आणि ती ताजी असेल तोवरच कुरकुरीत. पाने जास्त असतील तर दोन कढया लावायला आधीच सांगा. मठ्ठ्यात बर्फ टाकताना तो खाण्याचाच आहे ना, हे पाहा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यावा, असा आदेश महाराष्ट्रात २०१८ मध्ये निघाला. निळसर बर्फ दिसला तर तो भांड्याच्या बाहेरून लावा, आत टाकू नका.

बुंदी पिवळीजर्द दिसावी म्हणून आचारी रंग मागतो. तो देऊ नका. मेटॅनिल यलो नावाचा बंदी घातलेला रंग स्वस्त म्हणून काही जण वापरतात आणि तो शरीराला घातक आहे. बेसनाचा स्वतःचा रंग पुरेसा असतो. खवा विकत आणलात तर चमचाभर खवा थोड्या पाण्यात उकळून गार करा आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनचे दोन-तीन थेंब त्यात टाका. निळा रंग आला तर खव्यात पिठाची भेसळ आहे असे समजा.

आता केकविषयी. मुलामुलींची हौस असते, ती मोडू नये. पण केक हा पंगतीचा जिन्नस नव्हे. कापण्यापुरता किलो-दीड किलोचा केक सांगावा. उन्हाळ्यात वरची क्रीम पाघळते, म्हणून तालुक्याहून सकाळीच आणून मांडवात ठेवू नये. ऐन वेळी आणावा किंवा कोणाकडे फ्रिज असेल तिथे ठेवावा. आणि सांगतानाच बिनअंड्याचा सांगा. घरात माळकरी मंडळी असतात. त्यांनी नकळत खाल्ला आणि मागून कळले तर त्यांचे मन दुखावते.

तिसरी गोष्ट, पंगत उठल्यानंतरची. उरलेले गोड त्याच दिवशी वाटून टाका. वऱ्हाडाला शिदोरी द्यायची तर लाडू, शंकरपाळे द्या. दुधाचे काहीही डब्यात बांधू नका, लांबच्या प्रवासात ते नासते.

एवढे करूनही कोणाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर लिंबू उतरवत बसू नका. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा. लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई असेल तर वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. १०८ क्रमांकाला फोन केला की रुग्णवाहिका येते.

यादी करताना एक मात्र मनाशी धरा. पानात किती गोड होते हे पाव्हणे चार दिवसांत विसरतात. गरम, ताजे आणि आग्रहाने वाढलेले मात्र ते वर्षानुवर्षे सांगतात. असे जेवण द्यायला लापशीही पुरेशी आहे.