सुरांची भागीदारी



पर्युषण पर्व जवळ आले की मंदिरांतून रात्रीच्या भावनेची तयारी सुरू होते. पेटी, ढोलकी, मंजिरी आणि मंडळातील चार गळे एवढ्या सामग्रीवर रात्र भक्तिमय होते. गाणारा कोण आणि ऐकणारा कोण, हा भेद तेथे फारसा उरत नाही. विषय लौकिक असले तरी अशाच मेळाने गायिले जाणारे संगीत गेल्या वर्षी अमेरिकेत ऐकण्याचा योग आला. त्या रात्रीविषयी, आणि त्या संगीताच्या इतिहासातील एका भागीदारीविषयी, आज लिहीत आहे.

मुलगी व जावई नॉर्थ कॅरोलिना राज्यातील रॅले येथे राहतात. त्यांच्या एका स्नेह्याने सप्टेंबरमधील शनिवारी आपल्या अंगणात ‘ब्लूग्रास’ संगीताची मैफल योजली होती. आम्हा उभयतांचा चौविहार ध्यानात ठेवून यजमानांनी सूर्यास्तापूर्वीच भोजन मांडले. मक्याचा पाव अंड्यावाचून केला होता आणि राजमा कांदा-लसणाविना शिजविला होता. अंधार पडताच झाडांवरील दिव्यांच्या माळा उजळल्या आणि दहा-बारा मित्र आपापली वाद्ये घेऊन गोलाकार बसले.

बँजो, फिडल म्हणजेच व्हायोलिन, मँडोलिन, गिटार आणि उभा धरून वाजवायचा डबल बास ही या संगीताची प्रमुख वाद्ये. पारंपरिक बैठकीत ढोलासारखे तालवाद्य नसते. बँजोचे मूळ गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वाद्यांत आहे, फिडलवरील कित्येक धुना स्कॉटलंड व आयर्लंडकडील वसाहतकऱ्यांनी आणल्या, मँडोलिन इटलीचे. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत एकेका वादकाची पाळी येते. तो वाजवीत असता बाकीचे आपला आवाज उतरवितात आणि मँडोलिनवादक तारांवर तुटक आघात देत ताल सांभाळतो. पाळी संपली की नुसत्या नजरेने ती शेजाऱ्याकडे जाते. त्या मंडळीत चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची पाळी येताच सत्तरी गाठलेल्या वादकांनी सहज लय थोडी संथ केली. करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींचे फळ आपल्याकडे सांगितले आहे. अनुमोदना म्हणजे काय, हे त्या क्षणी कानांनी कळले.

मध्येच एका वृद्ध बाईंनी अ‍ॅपलेशियन डोंगरातील जुने कथागीत साथीवाचून गायिले. शब्द पुरते उमगले नाहीत. परंतु जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आजीची आठवण झाली.

विश्रांतीच्या वेळी यजमानांनी या संगीताचा इतिहास सांगितला. केंटकी राज्यात 1911 साली जन्मलेले बिल मन्रो हे त्याचे जनक. आपल्या राज्याच्या टोपणनावावरून त्यांनी वादकसंचाला ‘ब्लू ग्रास बॉइज’ हे नाव दिले आणि त्यावरून संगीतालाही तेच नाव पडले. 1945 साली गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट आणि तीन बोटांनी बँजो छेडणारे अर्ल स्क्रग्ज त्यांच्या संचात आले, आणि या संगीताला आज ओळखले जाते ते रूप लाभले. 1948 साली मात्र दोघेही बाहेर पडले व त्यांनी स्वतःचा संच काढला. आपल्या भाषेत सांगायचे तर मुनिमांनी त्याच पेठेत दुसरी पेढी थाटली. मन्रो यांना ते फार लागले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी अबोला धरला. पुढे 1969 साली फ्लॅट आणि स्क्रग्जही परस्परांपासून विभक्त झाले. अखेर 1971 साली इंडियाना राज्यातील बीन ब्लॉसम येथे, मन्रो यांच्याच संगीत महोत्सवात, फ्लॅट आले. मन्रो यांनी व्यासपीठावर सर्वांसमक्ष हात पुढे केला आणि दोघे पुन्हा एकत्र गायिले.

बँकेच्या नोकरीत भागीदारी संस्थांची कितीतरी खाती मी बंद होताना पाहिली. मालाची वाटणी होई, उधारीची वाटणी होई, नावाचाही निकाल लागे. शिल्लक शून्यावर आली की आमच्या दप्तरी व्यवहार संपे. घरी मात्र सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाची पत्रिका नोकराहाती पाठवीत आणि चुलत भावंडे रस्त्यात ओळख देत नसत. व्यापारात वेगळे होणे हा दोष नव्हे. पुढची पिढी वाढली, स्वभाव भिन्न पडले, की पेढ्या वेगळ्या होतातच. मन्रो आणि फ्लॅट यांनीही समेटानंतर आपापले संच मोडले नाहीत. दोन पेढ्या दोनच राहिल्या. बंद पडलेले बोलणे तेवढे सुरू झाले.

संवत्सरी असो वा क्षमावाणी, आता मोबाइलवरून एका बोटाच्या स्पर्शाने शेकडो जणांना ‘मिच्छामि दुक्कडं’ जाते. ज्यांच्याशी आपले काही बिनसलेलेच नाही, त्यांचीच नावे त्या यादीत बहुधा असतात. यंदा ती यादी उघडाल तेव्हा तिच्यातून वगळलेले एक नाव आठवून पाहावे. त्याला संदेश धाडू नये. त्याच्या दुकानाची पायरी चढावी आणि हात जोडावेत. तेवीस वर्षे थांबण्याइतके आयुष्य प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही.